को-ऑपची ऑफर हातात, वर्क परमिट नाही! कॅनडावाल्यांनो, मदत करा

सोनकी | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

सप्टेंबर २०२४ मध्ये ऑंटॅरिओतल्या एका विद्यापीठात मास्टर्सला आले. कोर्स दोन वर्षांचा, त्यात आठ महिने को-ऑप, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम, तेही सक्तीचं. त्याशिवाय डिग्री नाही. पहिली को-ऑप टर्म मे ते ऑगस्ट. मिसिसागातल्या एका कंपनीने ऑफर दिलीय, ५ मेला रुजू व्हायचंय. घरी पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी एचआरची मेल आली: पासपोर्ट, सिन नंबर (इथे काम करायला लागणारा सरकारी ओळख क्रमांक) आणि को-ऑप वर्क परमिटची प्रत पाठवा.

माझ्याकडे फक्त स्टडी परमिट आहे. अर्ज पुण्याच्या एजंटने भरला होता. त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, स्टडी परमिटवर काम करता येतं, त्यावर छापलेलंच आहे." छापलेलं आहे खरं, कॅम्पसवर आणि कॅम्पसबाहेर काम करू शकते असं. पण वर लगेच म्हणाला, "तुम्हाला वेगळं हवंच असेल तर करून देऊ, पंचवीस हजार फाइल चार्जेस." आता गरज नाही तर पंचवीस हजार कशाचे, आणि गरज आहे तर आधी का नाही केलं?

आज इथे फॅमिली डेची सुट्टी, विद्यापीठाचं ऑफिस बंद. स्टडी परमिटवरच्या आठवड्याच्या २४ तासांत को-ऑप बसतं का? नसेल तर अर्ज कुठून, कसा? आणि ५ मेपर्यंत नाही आलं तर ऑफर जाते का? आईला अजून काही सांगितलेलं नाही.

---

संत्रानगरी | १७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ताई, टेन्शन नका घेऊ. उन्हाळ्यात इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना फुल टाइम काम करता येते ना बाप्पा! समर ब्रेक. माझा चुलतभाऊ ब्रॅम्प्टनला वेअरहाउसमध्ये पूर्ण उन्हाळा करत होता, वेगळा परमिट-फिरमिट काही नव्हता. ५ मेला बिनधास्त जा.

---

वाटाड्या | १७ फेब्रुवारी, रात्री ११:२०

संत्रानगरी, थांबा. तुमच्या भावाचं बरोबर होतं आणि सोनकीचं तसंच केलं तर चूक होईल. यातच दर वर्षी मुलं फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅम्पसबाहेर काम करायची जी मुभा स्टडी परमिटवर असते ती अभ्यासाव्यतिरिक्तच्या नोकरीसाठी. टिम हॉर्टन्सचं काउंटर, वेअरहाउस, एखाद्या कंपनीत पार्ट टाइम कोडिंग, काहीही. वर्ग चालू असताना आठवड्याला २४ तास, हा आकडा ८ नोव्हेंबर २०२४ पासूनचा. त्याआधी २० होता, आणि मध्ये नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ मर्यादाच उठवली होती. म्हणून जुने लोक वेगवेगळे आकडे सांगतात. कॉलेजच्या वेळापत्रकात सुट्टी म्हणून लिहिलेला काळ असेल, तर फुल टाइम. भावाचा उन्हाळा तसा.

सोनकीचा मे ते ऑगस्ट ही सुट्टी नाहीच. ती को-ऑप टर्म आहे, ट्रान्स्क्रिप्टवर तशी नोंद होणार. जे काम डिग्रीचाच भाग आहे त्याला आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या, हिशोबात वेगळं खातं आहे आणि त्या खात्याची परवानगी म्हणजे को-ऑप वर्क परमिट. २४ तास तिथे लावायचेच नाहीत. आठवड्याला दहा तासांचं को-ऑप असलं तरी परमिट लागतो. उलट बाजूही लक्षात घ्या: परमिट आल्यावर को-ऑपचे चाळीस तास त्या २४ मध्ये मोजत नाहीत.

आणि "बिनपगारी करते तोवर" हा तोडगा कुणी सुचवला तर तोही डोक्यातून काढा. कॅनडाच्या व्याख्येत पगार मिळतो ते काम आहेच, पण इथल्या माणसाच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करणारी कृती असेल तर पगार नसला तरी ते कामच. परवानगीशिवाय काम केल्याचं आढळलं तर पुढचा वर्क परमिट अडकतो. पुढचा म्हणजे कुठला? शिक्षणानंतरचा पीजीडब्ल्यूपी. चार महिन्यांच्या घाईपायी तीन वर्षांचा परमिट धोक्यात घालायचा का, हा हिशोब करा.

पात्रता सरळ आहे. वैध स्टडी परमिट हवा, काम डिग्रीसाठी आवश्यक हवं, तसं लिहिणारं विद्यापीठाचं पत्र हवं, आणि कामाचा वाटा कोर्सच्या निम्म्याहून जास्त नको. सोनकी, तुझं सगळं बसतंय.

आता मुख्य गोष्ट. या परमिटला ऑफर लेटर लागत नाही. तो कंपनीला बांधलेला नसतो, कोर्सला बांधलेला असतो. पहिल्या सेमिस्टरला, नोकरीचा पत्ताही नसताना अर्ज करता येतो. खरं तर भारतातून स्टडी परमिटचा अर्ज करतानाच त्यासोबत मागता येतो. एजंटने तेव्हा काही केलं नाही आणि आता पंचवीस हजार मागतोय. सरकारी फी किती आहे माहितीये? शून्य.

---

सोनकी | १७ फेब्रुवारी, रात्री ११:५२

शून्य??

---

वाटाड्या | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

शून्य. साधारण वर्क परमिटला १५५ डॉलर लागतात, ओपन (कुठल्याही कंपनीत चालणारा) असेल तर वर आणखी १०० डॉलर. को-ऑपला दोन्ही माफ. बायोमेट्रिक्स तू स्टडी परमिटला दिले असशील, ते दहा वर्षं चालतात, म्हणजे ते ८५ डॉलरही नाहीत.

कॅनडातून अर्ज ऑनलाइन. फॉर्म ५७१०, तो कामगारांचा आहे. ५७०९ विद्यार्थ्यांचा, तो स्टडी परमिट वाढवायला. नावावरून मुलं हमखास ५७०९ उघडतात. ५७१० मध्ये परमिटच्या प्रकारात को-ऑप निवड. पुढे एम्प्लॉयरच्या रकान्यात कंपनीचं नाव टाकू नकोस, विद्यापीठाचं नाव आणि पत्ता टाक. हुद्दा विचारला तर को-ऑप विद्यार्थी. काळ लिहिताना फक्त मे ते ऑगस्ट नको, कोर्स संपेपर्यंतची तारीख टाक, म्हणजे दुसऱ्या टर्मला पुन्हा अर्ज नको.

एक खूण सांगतो. शेवटच्या पानावर २५५ डॉलर भरा असं आलं, तर तू ओपन वर्क परमिटच्या रस्त्याला लागलीस. एलएमआयएचा (परदेशी माणूस घ्यायला कंपनीला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा) किंवा ऑफरचा नंबर मागायला लागलं, तर कंपनीच्या परमिटच्या. दोन्ही वेळा मागे जा, सुरुवातीचे प्रश्न पुन्हा भर.

---

हिमगौरी | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

वाटाड्यांना अनुमोदन. मी वॉटर्लूवाली. तिथे हे १९५७ पासून चालू आहे, चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, परत वर्ग. त्यामुळे आमच्याकडे परमिटचं पहिल्याच आठवड्यात कानीकपाळी ओरडून सांगतात. सगळीकडे तसं नसतं.

सोनकी, पत्राबद्दल सांगते. सगळा खेळ त्या एका पानाचा आहे. ऑफिसातून दोन प्रकारची पत्रं मिळतात. एक नुसतं "ही आमची विद्यार्थिनी आहे, पूर्णवेळ शिकते." ते नोंदणीचं पत्र. तेही जोड, पण त्याने काम भागत नाही. दुसरं हवंय त्यात स्पष्ट वाक्य पाहिजे की या कोर्सच्या सर्व विद्यार्थ्यांना पदवीसाठी को-ऑप पूर्ण करणं आवश्यक आहे, आणि कामाचा काळ कोर्सच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. "विद्यार्थी को-ऑप करू शकतात" असं गुळमुळीत लिहिलेलं पत्र आलं तर काउंटरवरूनच परत कर, नव्याने मागून घे. माझ्या रूममेटचं असंच "करू शकतात"वालं पत्र गेलं आणि तिला नकार आला. कोर्स तोच, विद्यापीठ तेच, माझा मंजूर.

तारखाही बघ. पत्रातली कोर्स संपण्याची तारीख आणि फॉर्ममधली तारीख जुळली पाहिजे.

---

बफेलोचे बाबा | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

एवढं काय करत बसलात? गाडी काढा, नायगाऱ्याला रेनबो ब्रिजवरून पलीकडे जा, यू-टर्न मारा, परत येताना इमिग्रेशनच्या खिडकीवर कागद द्या. तासाभरात परमिट हातात. आमच्या पुतण्याने असंच केलं. येताना धबधबाही बघून घ्या.

---

वाटाड्या | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

काका, ते दिवस गेले. २३ डिसेंबर २०२४ पासून सीमेवर असं फ्लॅगपोलिंग करून वर्क आणि स्टडी परमिट देणं बंद केलंय, थोडे अपवाद सोडून. पीजीडब्ल्यूपीसाठी तर जून २०२४ मध्येच बंद झालं होतं. आणि अमेरिकेचा व्हिसा नसलेल्या भारतीय मुलीला तुम्ही त्या पुलावर पाठवताय!

धबधबा अलीकडूनच चांगला दिसतो.

---

कट्टा टेक्सास | १८ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

अमेरिकेत हे प्रकरण सुटसुटीत आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी), विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी, डीएसओ, आय-२० या प्रवेशाच्या कागदावर नोंद करून देतो, सरकारकडे वेगळा अर्ज नाही. फक्त फुल टाइम सीपीटी बारा महिने झालं की त्या पातळीची ओपीटी (शिक्षणाच्या विषयात काम करायची वेगळी परवानगी) गेली. तेवढं जपायचं.

कॅनडाने विद्यापीठावर विश्वास ठेवून हे काम विद्यापीठालाच का देऊ नये, मला कळत नाही. पत्र विद्यापीठच देणार, परमिटवर एम्प्लॉयर म्हणून नावही विद्यापीठाचंच, मग मध्ये सरकारी टपाल कशाला?

---

ऱ्हाइनकाठ | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

जर्मनीत सक्तीची इंटर्नशिप असेल तर विद्यार्थ्यांना वेगळी परवानगी नाही आणि विद्यार्थ्यांना कामाला वर्षाचे जे १४० दिवस मिळतात त्यांत ती धरतही नाहीत. ऐच्छिक असेल तर धरतात. बाकी जर्मन कागदपत्रांचं कौतुक मी करणार नाही, तो वेगळा धागा होईल :)

---

कृष्णाकाठचा | १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४८

मी टोरोंटोत टीम लीड हाय, दर टर्मला दोन-तीन को-ऑपची पोरं घेतो. पलीकडच्या बाजूनं सांगतो.

सोनकी, उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे एचआरला मेल. "परमिटचा अर्ज करत्येय, पोचपावती पाठवते, उशीर झाला तर रुजू व्हायची तारीख पुढं ढकलता येईल का?" बास. चार ओळी. लपवू नको. पोरं भीतीनं गप बसत्यात, मग मेच्या पहिल्या सोमवारी लॅपटॉप, बिल्ला सगळं तयार आणि पोरगी म्हणत्या परमिट नाय. तेव्हा मॅनेजरचं डोकं फिरतं. फेब्रुवारीत सांगितलं तर कुणाचंच फिरत नाय. दोन-तीन आठवडे उशिरा आलेलं आम्ही चालवून घेतलंय. फक्त को-ऑप ऑफिसला विचार की टर्म पास धरायला किमान किती आठवडे लागत्यात, प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा.

एचआरला दम देऊन चालत नाय, कारण परवानगी नसलेल्या माणसाला कामाला लावलं तर कंपनी पण अडकती. पेरोलला सिन लागतो. तुमचा सिन ९ नं सुरू होतो आणि त्याला मुदत असती, ती बघूनच सिस्टिम पुढं जाती.

आणखी एक, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. काही जागांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की नागरिक किंवा पीआरच (कायम राहायची परवानगी असलेलेच) पाहिजे. दर वेळी तो भेदभाव नसतो. केंद्र सरकार विद्यार्थ्यांच्या पगारासाठी कंपन्यांना सबसिडी देतं, ती इंटरनॅशनल विद्यार्थ्यांवर मिळत नाय. छोट्या कंपन्या त्या पैशावरच को-ऑप घेत्यात. तिथं अर्ज करून वेळ घालवू नका.

---

सोनकी | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार! एचआरला मेल केली, उत्तर आलं: "थँक्स फॉर लेटिंग अस नो, कीप अस पोस्टेड." चांगलं का वाईट कळत नाही, पण रागावले नाहीत.

पत्र मागितलंय. ऑफिसातली बाई फार चांगली होती, म्हणाली सल्ला फुकट आहे, अपॉइंटमेंट घे. तिच्या सहीखाली आरआयएसआयए असं लिहिलंय, ते काय?

---

वाटाड्या | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशनबाबत सल्ला द्यायचा परवाना असलेली व्यक्ती. तुझ्या ट्यूशन फीमध्ये तिचा पगार आहे, तेव्हा जा आणि फॉर्म तिच्यासमोर उघड. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सदस्य लागतो. त्यांच्या साइटवर नाव टाकून तपासता येतं. पुण्यातल्या त्या गृहस्थांचं नावही टाकून बघ, करमणूक होईल.

मी स्वतः परवानाधारक नाही, फुकट बडबड करणारा आहे. माझ्यात आणि तिच्यात फरक पडला तर तिचं ऐक.

---

पेठेतली | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारते. मुलगा ब्रिटिश कोलंबियात, कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा. को-ऑप परमिट आहे, पण तो आणि स्टडी परमिट दोन्ही एप्रिलअखेर संपतायत, कोर्स डिसेंबरपर्यंत आहे. असं कसं दिलं यांनी? आणि एप्रिलच्या शेवटी पुतणीचं लग्न आहे, तो येणार आहे.

---

हिमगौरी | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

पेठेतली ताई, त्याचा पासपोर्ट एप्रिलअखेर संपतोय का बघा. परमिट पासपोर्टच्या पुढे जात नाही, हे नव्वद टक्के वेळा कारण असतं. (टक्का माझ्या मनाचा!) तसं असेल तर आधी बीएलएसमार्फत (भारतीय पासपोर्टचे अर्ज घेणारी कंपनी) पासपोर्टचं नूतनीकरण, मग नव्या पासपोर्टवर दोन्ही परमिट वाढवायचे अर्ज. दोन्ही. स्टडी परमिट वाढवला म्हणजे को-ऑपचा आपोआप वाढत नाही.

मुदत संपायच्या आधी अर्ज गेले तर निर्णय येईपर्यंत तो जुन्या अटींवर शिकू शकतो आणि काम चालू ठेवू शकतो. सोनकीला हे लागू नाही बरं का. तिच्याकडे मुळात परमिट नाही, त्यामुळे नुसत्या अर्जाच्या पावतीवर तिला को-ऑप सुरू करता येणार नाही.

लग्नाचं मात्र अवघड आहे. अर्ज पडून असताना आणि जुने परमिट संपलेले असताना तो देशाबाहेर गेला, तर परत आल्यावर निर्णय होईपर्यंत काम करता येणार नाही. तेही परत प्रवेश मिळाला तर. को-ऑप चालू असेल तर मी म्हणेन व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकू दे.

---

पेठेतली | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

पासपोर्टच! बरोबर ओळखलंत. २८ एप्रिल.  लग्नाचं घरात कोण सांगणार, तो वेगळा प्रश्न.

---

संत्रानगरी | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

वाटाड्या भाऊ, परवा चुकीचे सांगितले, सोनकीताईंनी ऐकले नाही तेच बरे. एक विचारू का? को-ऑपचा अनुभव पीआरला धरतात ना? आठ महिने झाले म्हणजे वर्षाला चारच कमी.

---

वाटाड्या | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

नाही. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमध्ये (इथल्या नोकरीच्या अनुभवावर पीआर देणारी योजना) पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं काम धरत नाहीत, को-ऑप तर स्पष्ट नाव घेऊन वगळलंय. वर्ष मोजायला लागायचं ते शिक्षण संपून पीजीडब्ल्यूपीवर.

म्हणून को-ऑप निरुपयोगी असं मात्र नाही. पहिली खरी नोकरी बहुतेकांना तिथूनच मिळते, कंपनीला माणूस माहीत झालेला असतो. आणि मास्टर्सवाल्यांना फेब्रुवारी २०२४ पासून कोर्स दोन वर्षांहून लहान असला तरी तीन वर्षांचा पीजीडब्ल्यूपी मिळू शकतो. १ नोव्हेंबर २०२४ नंतर त्याला भाषेच्या परीक्षेचीही अट आली, विद्यापीठाच्या डिग्रीला सीएलबी ७ (कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी). सोनकी, आयईएलटीएसचा निकाल अर्ज करताना दोन वर्षांच्या आतला लागेल. तारीख डायरीत लिहून ठेव.

कॉलेज बदलायचा विचार करणाऱ्यांनीही ऐका. आता नव्या कॉलेजसाठी नवा स्टडी परमिट लागतो, आणि को-ऑप परमिटवर जुन्या कॉलेजचं नाव असतं, तो तिकडे चालत नाही.

---

सोनकी | २४ फेब्रुवारी, रात्री ८:२०

अर्ज गेला! पत्रात "सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक" आणि ५० टक्क्यांचं वाक्य, दोन्ही आहेत. फीच्या पानावर खरंच शून्य आलं, स्क्रीनशॉट काढून एजंटला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. काय बोलणार.

---

कृष्णाकाठचा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

पोचपावती एचआरला धाड. आणि साइटवर दाखवत्यात त्या आठवड्यांच्या आकड्याकडं रोज बघत बसू नको, तो सारखा बदलतो. कुरिअरसारखं ट्रॅकिंग नसतंय ते.

---

सोनकी | १२ मे २०२५, रात्री १०:१५

अपडेट. ५ मेपर्यंत आलं नाही. कंपनीने तारीख २० मे केली, को-ऑप ऑफिसने तेवढे आठवडे पुरतील असं लिहून दिलं. आज मंजुरीची मेल आली, परमिटचा कागद टपालाने येणार. आईला आता सगळं सांगितलं, तिने हा धागा वाचला आणि हिमगौरीला थँक्यू सांग म्हणाली.

एचआर विचारतेय की मंजुरीच्या पत्रावर सुरू करू का कागदाची वाट बघू?

---

हिमगौरी | १२ मे, रात्री १०:४०

काकूंना नमस्कार! कागद येऊ दे. २० तारखेला वेळ आहे, उगाच एचआरच्या शंका कशाला ओढवून घ्यायच्या. पत्ता बेसमेंटचा असेल तर युनिट नंबर अर्जात टाकलाय ना, ते बघ, नाहीतर पाकीट वरच्या मजल्यावरच्या घरमालकाकडे पडून राहतं.

आला की लगेच नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, विद्यापीठाचं नाव आणि शेवटची तारीख तपास. चूक असेल तर त्याच दिवशी वेबफॉर्म टाक. लहान मुलं, शाळा, दवाखाना इथे कामाला मनाई अशी ओळ असू शकते, मेडिकल झालेलं नसेल तर टाकतात. तुझं काम आयटीचं, तुला फरक पडत नाही.

---

आंबोलीकर | १३ मे, सकाळी ७:३०

धागा पूर्ण वाचला. माझी बहीण येत्या सप्टेंबरला हॅलिफॅक्सला जातेय, स्टडी परमिटच्या अर्जातच को-ऑप मागितलंय. विमानतळावर काही वेगळं करावं लागतं का?

---

वाटाड्या | १३ मे, सकाळी ८:०५

हो. इमिग्रेशनच्या काउंटरवर अधिकारी परमिट छापून देतो. गर्दीत कित्येकदा फक्त स्टडी परमिट हातात ठेवून "नेक्स्ट" म्हणतो. तिला सांगा, को-ऑपचा उल्लेख असलेली मंजुरीची पत्रं आणि कॉलेजचं पत्र हँडबॅगेत ठेव, चेक-इन बॅगेत नको. काउंटर सोडण्याआधी कागद मोज. एकच असेल तर तिथेच उभी राहून विचार, "को-ऑप वर्क परमिट?" मागच्या रांगेतले कुरकुरतील, कुरकुरू देत.